साडेचार फूट हसू

"अगं, मी कुठंय? आत्ता तर दिसायला हवी होते मी! अहो वरचे, मी कुठंय?"

त्रेचाळीस वर्षांपूर्वी काळोखातून वर आलेला हा आवाज ऑपरेटरच्या कानात अजून तसाच होता. थिएटरच्या केबिनला वीतभर चौकोनी भोक असतं. त्यातून उजेड खाली पडद्याकडे जातो आणि त्याच वाटेनं खालचे आवाज वर येतात. एरवी शिट्ट्या यायच्या, खोकले यायचे. त्या दिवशी पहिल्याच खेळाला एका मुलीचा आवाज आला आणि मशीनपाशी उभा ऑपरेटर भोकापासून मागं सरला. कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या थिएटरात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. ती त्याच्या शर्टाच्या खिशात होती. गुंडाळी करून.

झालं होतं ते असं. सिनेमाचं थोडं चित्रण त्याच गावात झालेलं. फिल्मची कॉपी आदल्या दिवशी आली. ऑपरेटर तेव्हा चोवीस वर्षांचा, कामाला चोख. टेबलावर रीळ गुंडाळत, फिल्म उजेडाला धरून, तो कुठं चीर आहे का ते बघत होता. दुसऱ्या रिळात एक गल्ली आली, गल्लीत दोरी, दोरीवर चादर. चादर बाजूला सरली आणि मागून एक मुलगी थेट त्याच्याकडे बघून हसली. तीन सेकंद. बहात्तर फ्रेम. लांबीनं साडेचार फूट. ऑपरेटरनं भिंग लावून पहिली फ्रेम पाहिली, मग दुसरी. बहात्तरावी पाहून झाली तेव्हा त्याच्या हातात कात्री होती. ती हातात कधी आली, ते त्याला आजतागायत सांगता आलेलं नाही. दोन टोकं खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून त्यानं असा जोड मारला की मशीनलासुद्धा कळू नये. तीन सेकंद गेले तर कोणाचं काय बिघडतं? सिनेमातली मुलगी. कुठली कोण.

ती तीन गल्ल्या पलीकडची होती आणि पहिल्या खेळाला घरच्या सतरा माणसांना घेऊन आली होती.

चार दिवसांत परत जोडून टाकू म्हणता म्हणता कॉपी पुढच्या गावाला गेली. मुलीला बहिणींनी 'नटी' नाव पाडलं आणि धाकटीनं वर गाणंही रचलं:

नटीबाई नटीबाई, सिनेमात दिसली नाही,
चादर होती, दोरी होती, चादरीमागं कोणी नाही!

दोन वर्षांनी ती नटी ऑपरेटरची बायको झाली. ऑपरेटरच्या मामानं जुळवलं. "मामांनी पसंत केलं मला," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "हे तर पहिल्यांदा घरी आले तेव्हा मान खाली घालून कपातच बघत बसलेले. मला वाटलं, चहात काही पडलं की काय!" लोक हसायचे. ऑपरेटरही हसायचा. सांगून टाकावं म्हणून त्यानं कितीदा तोंड उघडलं असेल, पण न बोललेला शब्द पाहुण्यासारखा असतो. पहिल्या दिवशी उंबऱ्यात अडखळतो, वर्षभरात घरचाच होऊन बसतो. मग त्याला 'आता निघा' म्हणायचं कोणी?

फिल्मची गुंडाळी गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत, डबी कपाटात, सगळ्यात खाली. जुनी फिल्म सडायला लागते तेव्हा तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. "कपाटात कसला हो वास हा?" बायको दर वर्षी विचारायची. "जुन्या चपलांचा," ऑपरेटर दर वर्षी सांगायचा. त्यापायी चांगल्या चपलांचे चार जोड फेकले गेले होते.

असं सगळं सुखात चाललेलं असताना, एका शुक्रवारी पेपरात चार ओळींची बातमी आली. तो सिनेमा म्हणे सापडला, धुऊनपुसून स्वच्छ केला आणि इंटरनेटवर आला. बायकोनं चार ओळीही पुऱ्या वाचल्या नाहीत. दोन ओळींवर तिनं फोन उचलला.

"ताई, रविवारी चारला ये. चष्मा आण. लांबचा! आणि धाकटीला म्हणावं, गाणं घरी ठेवून ये."

ऑपरेटर दोन दिवस विचार करत होता. इतर थिएटरांतल्या कॉपीत ते तीन सेकंद शाबूत असणारच. बायको दिसेल, बहिणींची तोंडं बंद होतील. मग कोणी विचारलंच, की आपल्या गावात का दिसली नाही, तर उत्तर तयार होतं: आमच्याकडची कॉपी तुटकी आली होती. उत्तर इतकं छान बसलं की त्याला स्वतःचाच थोडा हेवा वाटला.

रविवारी तीनला बायकोनं चार कप मांडले आणि टीव्ही लावला. लेकीच्या घरचं अकाउंट त्यांच्याही टीव्हीवर चालत होतं. नाव शोधलं, पोस्टर आलं, बटण दाबलं. पडद्यावर ओळ उमटली: 'हा चित्रपट तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.'

"कुठल्या प्रदेशात?" बायकोनं विचारलं.

"आपल्या."

"अहो, पण गल्ली आपली, दोरी आपली, चादर आपली. बाई तर तुमच्याच घरातली! मग दाखवतात तरी कुठं?"

"बाहेरच्या देशांत असेल. हक्कबिक्क विकले असतील."

"त्यांना काय करायचंय आमच्या चादरीशी?"

ऑपरेटरला आधी हायसं वाटलं. परस्पर सुटलो. पण बायको उठली आणि चारातले दोन कप परत फडताळात ठेवायला लागली. हिच्या भांड्यांच्या आवाजावर शेजारीपाजारी घड्याळं लावायचे. त्या बाईनं कप असा ठेवला की कपालाही कळलं नसेल. ऑपरेटरला त्या शांततेत राहवेना.

"ते कप काढ परत," तो म्हणाला, आणि पायात चपला न घालताच वरच्या मजल्यावर गेला.

वर नर्सबाई राहायच्या. परदेशातली इस्पितळाची एक मालिका त्या वर्षानुवर्षं बघत होत्या, हे खालपर्यंत ऐकू येई.

"काका, माझंही हेच झालं होतं," त्या जिना उतरतानाच सांगू लागल्या. "ऑपरेशन चालू असताना मालिका आपल्याकडून काढून घेतली. पेशंट टेबलावर, पोट उघडं! मी काय तसाच सोडून देऊ त्याला? मग शिकले. बोगदा म्हणतात त्याला."

त्यांनी टीव्हीच्या पाठीशी हात घातला, स्वतःचा फोन शेजारी ठेवला आणि पेशंटशी बोलावं तसं टीव्हीशी बोलल्या, "घाबरायचं नाही हं. जरासं टोचेल."

"म्हणजे नेमकं करायचं काय?" बायकोनं विचारलं.

"काकू, आपण बसणार इथंच. पण या बोगद्यातून तिकडच्या देशात तोंड काढायचं. सिनेमावाल्यांना वाटणार, आपण तिकडलेच."

"खोटं बोलायचं?"

"खोटं कसं? त्यांनी विचारलं तर सांगू की! त्यांना नीट विचारता येत नाही, त्याला आपण काय करणार?"

हे तत्त्व ऑपरेटरला फारच पटलं. त्रेचाळीस वर्षं तो त्याच्यावरच जगत होता.

पहिल्या देशात सिनेमाच नव्हता. दुसऱ्या देशात शिरल्यावर टीव्ही तिथली भाषा बोलायला लागला. सगळी अक्षरं पाठ फिरवून बसलेली. 'मागे' कुठलं, 'बंद' कुठलं, काही कळेना. नर्सबाईंनी डोळे मिटले, "खालून तिसरं, मग उजवीकडे दोनदा," असं पुटपुटत शीर सापडावी तसं बटण शोधून काढलं. तिसऱ्या देशात पोचताच पडद्याच्या कोपऱ्यात तिथलं हवामान आलं: उणे अकरा, बर्फवृष्टी. खाली स्वेटरांच्या जाहिराती. आणि मधोमध पोस्टर! बायकोनं टाळी वाजवली.

टाळीबरोबर पोस्टर गेलं. 'तुम्हाला बाहेर काढण्यात आले आहे.' आणि ऑपरेटरचा फोन वाजला.

जावई होता. तो विमा कंपनीत होता, धोका हुंगण्यावरच त्याचं पोट.

"बाबा, आधी टीव्ही बंद करा! आपलं अकाउंट कोणीतरी फोडलंय. वीस मिनिटांत तीन देश! मोठी टोळी आहे."

ऑपरेटरनं टोळीकडे पाहिलं. टोळीतली एक जण चष्मा पुसत होती. दुसरी रिमोट हलवून बघत होती.

"असं का," तो म्हणाला.

"मी पासवर्ड बदललाय. बँकेचं कार्ड बंद केलंय. तक्रार लिहितोय आता. तुम्ही कशाला हात लावू नका."

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. बायकोच्या दोघी बहिणी, दहा मिनिटं आधीच.

"जावईबापू," ऑपरेटर कोपऱ्यात जाऊन दबक्या आवाजात म्हणाला, "तक्रारीत टोळीबद्दल फार कडक लिहू नका."

"का?"

"टोळी घरगुती आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी. आणि तुमच्या सासूबाई. आणि वरच्या नर्सबाई."

पलीकडे तक्रार लिहिणं थांबलं. "बाबा, आत्ता आहात कुठं तुम्ही?"

"कोचाच्या मागं."

नवा पासवर्ड आला. एवढीशी कबुली, पण ऑपरेटरला जिना चढल्यासारखा दम लागला. इतकुसं खरं इतकं जड, तर डबीतलं केवढं असेल!

इकडे थोरली मेव्हणी कोचावर स्थिरावली होती. "काय गं नटी," ती वर्तमानपत्रानं वारा घेत म्हणाली, "आम्ही घामानं भिजून आलो आणि तुझा टीव्ही उणे अकरा सांगतोय?"

"ताई, आपण परदेशात आहोत आत्ता," बायको म्हणाली. "बस गुमान."

"तिकीट न काढता?" धाकटी म्हणाली. तिनं गाणं काही घरी ठेवलं नव्हतं, ओठांवर घोळवत होती. "दाजी, तुम्ही तरी सांगा, ही होती का हो सिनेमात? एवढे खेळ चालवलेत तुम्ही."

"बघूच की," दाजी म्हणाले.

पडदे ओढले. नर्सबाईही भिंतीला टेकून बसल्या. त्यांना मुळात कोणाला अर्ध्यावर सोडायची सवय नव्हती. सुरुवातीला परक्या भाषेत पाटीभर मजकूर आला. "जाहिरात असेल," थोरली म्हणाली आणि सिनेमा सुरू झाला.

पहिली वीस मिनिटं सुरळीत गेली. ऑपरेटर तर मजेत होता. हात रिकामे ठेवून सिनेमा बघायचं सुख त्याला आयुष्यात फारसं मिळालं नव्हतं. आणि मग पहिलं रीळ संपता संपता, पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, एक पांढरी चांदणी चमकून गेली.

बाकी कोणी ती पाहिलीही नाही. ऑपरेटर मात्र जागच्या जागी गार पडला.

त्या काळी केबिनमध्ये दोन मशीन असत. एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं चालू करायचं, आणि ती वेळ कळावी म्हणून फिल्मच्या कोपऱ्यात खूण असे. छापील खूण पुसट झाली की ऑपरेटर टाचणीनं आपली खूण ओरखडायचे. कोणी गोल काढी, कोणी फुली. चांदणी काढणारा ऑपरेटर त्याच्या माहितीत एकच होता. पाच रेघांची, एक पाय जरा लांब. उभ्या आयुष्यात त्याला तो पाय सरळ जमला नव्हता.

म्हणजे ही त्याचीच कॉपी होती. सुरुवातीच्या त्या पाटीत काय लिहिलं असेल, ते त्याला भाषा न येता कळलं: बाकी सगळ्या गेल्या, एवढी एकच उरली. जगभर शोधून, धुऊन, पुसून त्यांनी काढली ती नेमकी हीच. ओरखडे पुसले, डाग काढले. कात्रीनं नेलेलं मात्र त्यांना कुठून आणता येणार?

तयार केलेलं उत्तर तोंडातल्या तोंडात विरघळलं. गल्ली यायला सहा मिनिटं होती.

"चहा करायचा का?" तो म्हणाला.

"आत्ता?" बायको पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "बसा हो."

"टीव्ही जरा तापल्यासारखा वाटतोय. थोडा वेळ बंद..."

"उणे अकरात?" थोरली म्हणाली.

आणि गल्ली आली. सायकलची घंटी, कोपऱ्यावरचा नळ, दोरी. बायको उभीच राहिली. तिचा आवाज एकदम लहान, एकदम जुना झाला. "हीच! हीच आपली चादर! आता बघा हं, आता वाऱ्यानं फुगेल, मी अशी बाजूला सारीन आणि..."

चादर फुगली. टच्‌कन उडी मारल्यासारखं चित्र हललं. सायकल कोपऱ्यावर पोचलेली, आणि गल्ली रिकामी.

"चादर होती, दोरी होती..." धाकटीच्या तोंडून सवयीनं निघालं. मग तिनं बहिणीचा चेहरा पाहिला आणि पुढचे शब्द गिळून टाकले. नर्सबाईंनी सिनेमा थांबवला. पडद्यावर रिकामी गल्ली तशीच उभी.

"होते गं मी," बायको म्हणाली. भांडणाचा सूरच नव्हता त्यात. "मी खरंच होते. की नव्हतेच? इतकी वर्षं मी आपली... मग मी कुठंय?"

तोच प्रश्न. तेव्हा तो वीतभर भोकातून आला होता, त्याच्या अलीकडे लपता आलं होतं. आता मधे चार कप आणि एक रिमोट, एवढंच.

"माझ्याकडं आहेस," ऑपरेटर म्हणाला.

"ते माहितेय हो. मी सिनेमातलं विचारतेय."

"मीही सिनेमातलंच सांगतोय." तो उठला, कपाटाशी खाली बसला, आणि चपलांच्या मागून गोळ्यांची डबी काढून तिच्यासमोर धरली. "कापलं होतं मी. पहिल्या खेळाच्या आदल्या दिवशी. ही कॉपी आपल्या थिएटरातलीच आहे. तुझ्या बहिणी चुकल्या, सिनेमा चुकला. तू बरोबर होतीस."

डबी उघडली आणि आंबूस वास खोलीभर पसरला.

"चपला!" बायको म्हणाली. "चार जोड फेकले मी!"

"म्हणजे चाळीस वर्षं आम्ही हिला चिडवत राहिलो," थोरली सावकाश म्हणाली, "आणि जावईबुवा, तुम्ही ते गाणं ऐकून आमच्याबरोबर हसत होतात?"

ऑपरेटरनं मान खाली घातली. नर्सबाईंनी पडदा सारला, उन्हाचा पट्टा आत आला. गुंडाळी जरा आकसली होती, कडा नागमोडी झाल्या होत्या, पण चित्र धरून होतं. चौघी जणी खिडकीशी जमल्या. ऑपरेटरचं जुनं भिंग या डोळ्यावरून त्या डोळ्यावर गेलं.

"अगं बाई! आहे की!" धाकटी ओरडली. "नटे, तूच आहेस! केवढी हसतेयस!"

थोरलीनं भिंग घेतलं, पाहिलं, आणि मग फिल्म नाकाशी नेऊन पुन्हा पाहिलं. "थांबा. हा हात कोणाचा?"

"कुठला?"

"चादरीचं दुसरं टोक धरलेला! हे घड्याळ माझंय. शाळा संपली तेव्हा बाबांनी दिलेलं! मीच धरली होती चादर, कडेला व्हा म्हणाले ते म्हणून मी..." ती गर्रकन वळली. "जावईबुवा! मलाही कापलंत तुम्ही?"

"ताई, तुमचा हात... सोबत आला."

"म्हणजे मीपण होते सिनेमात! आणि हिला नटी नटी म्हणून मीच..." थोरलीला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं. धाकटीनं तिथल्या तिथे गाणं दुरुस्त केलं, "चादरीमागं दोघी होत्या, चादरीमागं दोघी होत्या," आणि थोरलीनं तिला एक चापट दिली.

बायको मात्र हसत नव्हती. तिनं भिंग घेतलं आणि एकेक फ्रेम अंगठ्यानं सरकवत ती बहात्तरही पाहत राहिली. एकोणीस वर्षांची मुलगी चादर सारत होती, सारत होती, हसत होती. मग तिनं भिंग खाली ठेवलं.

"एवढं कापायला काय वाईट दिसत होते का मी?"

ऑपरेटरनं रिकामी डबी उचलली. कापलं, हे सांगून झालं होतं. वाटलं होतं, तेच जड आहे. पण डबीच्या तळाशी अजून काहीतरी होतं, ते निघता निघेना.

"मामानं पसंत केलं म्हणतेस ना तू," तो म्हणाला. "त्या मामाला तुमच्या गल्लीतून वर्षभर मी फिरवला. शेवटी कंटाळून तो तुमच्या घरी आला."

बायकोनं फिल्म बाजूला ठेवली. "मग आलात तेव्हा मान का वर केली नाहीत? कपात काय बघत होतात?"

"काय करणार वर बघून?" ऑपरेटरची मान आत्ताही खालीच होती. मग त्यानं ती वर केली, बहिणींच्या देखत, नर्सबाईंच्या देखत. "बघून झालं होतं गं. रोज बघत होतो. फार आवडली होतीस. तेवढं बोलायचं राहून गेलं."